घरातील संगणक-जाळ्याचा वेग : आधी मोजणी, मग खरेदी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग काही किलोबिटांपुरताच मर्यादित होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा किमान वेग मानला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ही मर्यादा २ मेगाबिटांवर नेली. आज तालुक्याच्या गावीसुद्धा १०० किंवा २०० मेगाबिटांची फायबर जोडणी घेतलेली घरे आढळतात. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेमुळे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे कामही हाती घेण्यात आले.

मार्च २०२० नंतर घर हे अंशतः वर्गखोली आणि अंशतः कार्यालय झाले. शाळेची माहिती भरणे, परीक्षेचा अर्ज पाठविणे, दूरदृश्य बैठकीस हजर राहणे ही कामे घरातूनही होऊ लागली. मात्र दारापर्यंत आलेला वेग घरातील शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचतोच असे नाही. ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार सुरू झाली की बहुतेक कुटुंबे दोनपैकी एक उपाय करतात : सेवा देणाऱ्याकडून अधिक वेगाची योजना घेतात, किंवा दुकानातील सर्वांत महाग राउटर विकत आणतात. अनेकदा हे दोन्ही उपाय व्यर्थ ठरतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च लहान नसतो, आणि शाळेने तो सादिल अनुदानातून केला असेल तर तेवढ्याच रकमेची दुसरी एखादी गरज मागे पडते. म्हणूनच साधने निवडण्याची पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे.

कालव्याचे उदाहरण

कालव्याच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्यांना ही गोष्ट सहज कळेल. धरण भरलेले असते, मुख्य कालवा काठोकाठ वाहत असतो, तरीही टेलच्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी पोहोचत नाही. कारण वाटेत कोठेतरी चारी गाळाने भरलेली असते, किंवा एखादी मोरी अरुंद असते. अशा वेळी धरणाची उंची वाढवून उपयोग होत नाही. अडलेली जागा शोधून तेवढीच मोकळी करावी लागते.

घरातील जाळ्यातही असेच टप्पे असतात. पहिला टप्पा रस्त्यावरून घरात येणाऱ्या फायबरचा. दुसरा, त्या फायबरमधील प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणाऱ्या पेटीचा. तिला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. तिसरा टप्पा राउटरचा. पुष्कळ घरांत ओएनटी व राउटर एकाच पेटीत असतात. चौथा टप्पा राउटरपासून खोलीपर्यंतच्या मार्गाचा. तो केबलचा असेल किंवा वायफायचा. पाचवा टप्पा प्रत्यक्ष संगणकाचा अथवा मोबाईलचा. या पाचांपैकी जो सर्वांत अरुंद असेल, त्याचाच वेग शेवटी वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो. उरलेले चार कितीही रुंद केले तरी त्या वेगात तसूभरही वाढ होत नाही.

वेगाचे एकक

मोजणीपूर्वी एककाविषयीचा एक नेहमीचा गोंधळ दूर केला पाहिजे. सेवा देणारी संस्था वेग मेगाबिटांत सांगते, तर संगणक फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये दाखवितो. ८ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येऊ शकतात, आणि १,००० मेगाबाइटची फाइल उतरवून घेण्यास किमान ८० सेकंद लागणारच. संगणकाच्या पडद्यावर ११ किंवा १२ चा आकडा पाहून फसवणूक झाल्याची समजूत करून घेणारे ग्राहक थोडे नाहीत. वास्तविक त्यांना ठरलेला वेग पुरेपूर मिळत असतो.

मोजणीचा क्रम

मोजणीसाठी कोणतेही खर्चिक उपकरण लागत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये वेग मोजण्याचे ‘मायस्पीड’ हे विनामूल्य साधन उपलब्ध करून दिले. अशी इतरही साधने आहेत. महत्त्व क्रमाला आहे. प्रथम एक संगणक चांगल्या केबलने थेट पेटीला जोडून, घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून वेग मोजावा. नंतर केबल काढून त्याच खोलीत, पेटीपासून दोन-तीन मीटरवर, वायफायने मोजावा. शेवटी तक्रार असलेल्या खोलीत जाऊन तोच संगणक वापरून पुन्हा मोजावा. प्रत्येक मोजणी सकाळी आणि रात्री अशी दोनदा करून आकडे वहीत लिहून ठेवावेत.

हे आकडे काय सांगतात ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तालुक्याच्या गावी एका शिक्षकाचे दगडी भिंतींचे घर आहे. जोडणी २०० मेगाबिटांची आहे. पेटी ओसरीवर असून मुलगी मागच्या खोलीत अभ्यास करते. तेथे वर्ग सुरू असताना चित्र वारंवार थांबते. दुकानदाराने महाग राउटर सुचविला आहे. मोजणी केली असता पेटीजवळ केबलवर ९४ मेगाबिट, ओसरीवर वायफायने ९०, आणि मागच्या खोलीत अवघे ६ मेगाबिट मिळाले, असे समजू.

या तीन आकड्यांत दोन स्वतंत्र दोष दडलेले आहेत. मागच्या खोलीतील ६ चा दोष उघड आहे. तो भिंतींचा आहे. परंतु ९४ हा आकडाही तितकाच बोलका आहे. १०० मेगाबिटांच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच हाती लागतात, कारण उरलेला भाग पत्ते व नियंत्रणाच्या माहितीत खर्च होतो. म्हणजेच २०० मेगाबिटांचे पैसे भरणाऱ्या या घरात कोठेतरी १०० मेगाबिटांची मोरी बसलेली आहे. नवा राउटर ओसरीवर आणून ठेवला असता, तर कदाचित या दोन्हींपैकी एकही दोष दूर झाला नसता.

केबल आणि पोर्ट

तारेने संगणक जोडण्याची ईथरनेट ही पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. तिचा आरंभीचा वेग ३ मेगाबिटांहूनही किंचित कमी होता. १९९५ मध्ये १०० मेगाबिटांचे आणि १९९९ मध्ये तांब्याच्या साध्या केबलवरून १,००० मेगाबिटांचे, म्हणजे एक गिगाबिटाचे, मानक आले. इतकी वर्षे लोटली तरी १०० मेगाबिटांचे पोर्ट असलेली स्वस्त उपकरणे बाजारातून गेलेली नाहीत. काही ओएनटी पेट्यांत एकच पोर्ट गिगाबिटाचा आणि बाकीचे १०० मेगाबिटांचे असतात. तेव्हा खरेदीपूर्वी खोक्यावरील वायफायच्या मोठ्या आकड्याऐवजी पोर्टचा वेग आधी वाचावा. ‘१०/१००’ असे लिहिलेले असेल तर ती मर्यादा शंभराची, ‘१०/१००/१०००’ असेल तर गिगाबिटाची.

पोर्ट गिगाबिटाचा असूनही वेग ९४ वरच अडला, तर संशय केबलवर घ्यावा. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांना त्यांपैकी नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटाला मात्र चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एक तार तुटली अथवा टोकाला नीट दाबली गेली नाही, तर बहुतेक उपकरणे कोणतीही सूचना न देता १०० वर उतरतात. काम चालू राहते, म्हणून दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. संगणकाच्या जोडणीच्या माहितीत १०० असा आकडा दिसतो की १,००० असा, हे पाहिले तरी निदान होते. उदाहरणातील घरात नवी केबल लावताच आकडा १९० च्या पुढे गेला, तर २०० मेगाबिटांचा प्रश्न एका केबलच्या किमतीत सुटला असे म्हणता येईल.

केबल विकत घेताना कॅट-५ई किंवा कॅट-६ हा प्रकार पाहावा. दोन्हींवरून १०० मीटरपर्यंत गिगाबिटाचा वेग मिळतो. सामान्य घराला याहून वरच्या प्रकाराची गरज नाही. खरे लक्ष तारेच्या धातूकडे द्यावे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेल्या तारांची केबल स्वस्त मिळते, परंतु तिचा विद्युत्-रोध अधिक असतो आणि ती वाकविताना लवकर तुटते. पूर्ण तांब्याचीच केबल घ्यावी. दोन्ही टोकांना तारांचा क्रम एकच असावा. प्रचलित क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा आहे. विजेच्या तारांच्या नळीतूनच ही केबल ओढू नये. फायबरला काटकोनात मोड देऊ नये. ओएनटीवर लाल दिवा लागला, तर बहुधा प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ असतो, आणि तो दोष घरातील कोणत्याही खरेदीने दूर होत नाही.

अधिक उपकरणे तारेने जोडायची झाल्यास गिगाबिट स्विच घ्यावा. घरातल्या घरात मोठ्या फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावयाच्या नसतील, तर २.५ गिगाबिटांची साधने घेण्याचे कारण उरत नाही.

वायफाय : आकड्यांचा अर्थ

वायफायच्या खोक्यावर छापलेला आकडा हा सर्वाधिक गैरसमजाचा विषय होय. ‘एसी १२००’ असे नाव असलेल्या राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ८६७ मेगाबिट यांची बेरीज करून पूर्णांक केलेला असतो. साधारणतः एक मोबाईल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ही बेरीज त्याच्या कामाची नाही. शिवाय हवेतील मार्ग सर्व उपकरणांना वाटून घ्यावा लागतो, आणि एका वेळी एकच बोलू शकतो; त्यामुळे छापील वेगाच्या साधारण निम्मा वेग हाती लागला तरी समाधान मानावे. ‘एसी १२००’ म्हणविणाऱ्या काही राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असतात, हे तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. बहुतेक मोबाईलमध्ये दोनच अँटेना वापरात असल्यामुळे आठ अँटेनांचा राउटर एका मोबाईलला चौपट वेग देत नाही.

दोन पट्ट्यांचे स्वभाव भिन्न आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून तुलनेने बरी जाते, परंतु तिच्यात जागा अपुरी आहे. एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच मिळतात, आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही वर्दळ तेथेच असते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा विपुल आणि वेग अधिक, पण भिंत आली की ती लवकर क्षीण होते. म्हणून दोन्ही पट्ट्यांचा राउटर असणे ही आज किमान अपेक्षा होय. वायफाय-६ या पिढीचा लाभ अनेक उपकरणे एकाच वेळी चालत असतील तेव्हा अधिक जाणवतो. वायफाय-७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. मात्र घरातील मोबाईल व संगणक त्या पिढीचे नसतील तर केवळ राउटर नवा घेऊन तो वेग मिळणार नाही.

भिंत जिंकता येत नाही

महाराष्ट्रातील घरांची बांधणी हा या प्रश्नातील महत्त्वाचा घटक आहे. देशावरील काळ्या दगडाच्या रुंद भिंती, कोकणातील जांभ्याचे चिरे, जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, लोखंडी सळयांचे स्लॅब आणि धातूचे पत्रे या सर्वांतून लहरींना वाट काढावी लागते. पत्र्यातून तर त्या जवळजवळ परतच फिरतात. राउटरच्या प्रक्षेपणशक्तीला नियमांची मर्यादा असते. आणि राउटर मोठ्याने बोलला तरी मोबाईलचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत परत पोहोचला पाहिजे. म्हणून महाग राउटर घेऊन जाड भिंत जिंकता येत नाही.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे : राउटरची जागा बदलणे. लोखंडी कपाटामागे, दूरदर्शन संचाच्या मागील कोनाड्यात किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर उघड्यावर ठेवावा.

तेवढ्याने भागले नाही, तर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसविणे. पुष्कळ घरांत जुना राउटर पडून असतो. तोच या कामी येतो. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे. केबल त्याच्या इंटरनेटच्या पोर्टऐवजी साध्या पोर्टमध्ये लावावी. मात्र त्याचे पोर्ट १०० मेगाबिटांचे असतील, तर त्या खोलीत तेवढीच मर्यादा राहील. अभ्यासवर्गाला ती भरपूर आहे.

भिंतीवरील प्लगमध्ये खोचावयाचा रिपीटर स्वस्त आणि सोपा असतो. परंतु तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय लोक तो जेथे लहर पोहोचत नाही अशाच खोलीत लावतात. वास्तविक तो अर्ध्या वाटेवर, लहर अजून सशक्त असेल तेथे लावला पाहिजे. ‘मेश’ संच मोठ्या घरांना उपयुक्त आहेत, पण त्यांच्या पेट्या आपसांत केबलने जोडल्या तरच त्यांचे खरे सामर्थ्य प्रकट होते.

वेग पुरेसा, तरीही चित्र थांबते

कधीकधी तिन्ही मोजण्यांत वेग पुरेसा आढळतो, तरीही बैठकीत आवाज तुटतो. दूरदृश्य बैठकीला फार तर काही मेगाबिट लागतात. तिला खरी गरज असते ती संदेश वेळेवर पोहोचण्याची. घरातील दुसरा मोबाईल त्याच वेळी छायाचित्रे वर पाठवू लागला की पेटीमध्ये संदेशांची रांग साचते आणि आवाजाचे संदेश रांगेच्या शेवटी अडकतात. एरवी काही मिलिसेकंदांत येणारा प्रतिसाद शेकडो मिलिसेकंदांनी येतो. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ही रांग आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तशी सोय असलेला राउटर निवडणे हिताचे ठरते. ती सोय नसेल, तर बैठकीच्या वेळी मोठ्या फाइली वर पाठविणे थांबवावे.

वीज आणि सुरक्षितता

वीज गेल्यावर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे लागतात, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा लहान यूपीएस ही वेगवाढीच्या अनेक साधनांहून उपयुक्त खरेदी आहे. विकत घेण्यापूर्वी व्होल्ट व अँपिअर मात्र जुळवून पाहावेत. ओएनटी व राउटर वेगळे असतील तर दोन्हींना आधार द्यावा लागतो.

शाळा आणि ग्रामपंचायत यांनी आणखी एक काळजी घ्यावयास हवी. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये. पावसाळ्यात वीज कोसळल्यास तिच्यातून आलेला धक्का दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून इमारतींमधील अंतर, ते थोडे असले तरी, धातूची तार नसलेल्या फायबरनेच जोडावे.

खरेदीचा क्रम

सारांश, खर्चाची चढती भाजणी अशी ठेवावी : प्रथम राउटरची जागा, मग केबल, त्यानंतर मागच्या खोलीतील अ‍ॅक्सेस पॉइंट व स्विच, पुढे दोन्ही पट्ट्यांचा गिगाबिट राउटर, आणि सर्वांत शेवटी अधिक वेगाची योजना. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तीन मोजण्या घ्याव्यात आणि तक्रार मिटली की तेथेच थांबावे. पेटीजवळच केबलवर वेग कमी भरला आणि पोर्ट व केबल दोन्ही निर्दोष आढळली, तर दोष घराबाहेरचा आहे. तेव्हा खिशात हात न घालता वहीतील तारीखवार आकड्यांसह सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. आकडे असलेली तक्रार सहजासहजी टाळता येत नाही.

संगणक विषय शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही मोजणी विद्यार्थ्यांकडून शाळेतच करून घेतली, तर भागाकार, सरासरी आणि आलेख यांचा तो एक उत्तम प्रत्यक्ष पाठ होईल. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही राउटर किंवा स्विच खरेदीचा ठराव समोर आल्यास प्रथम मोजणीची वही मागावी. अरुंद जागा कोणती, हे ज्या ठरावात लिहिलेले नाही, तो ठराव पुढील बैठकीपर्यंत थांबला तरी गावाचे नुकसान होणार नाही.